तंबाखू, मशेरी आणि शरीअतचा निर्णय

आपल्या घरांत अन्नाच्या शुद्धतेविषयी मोठी दक्षता पाळली जाते. मांस हलाल आहे किंवा नाही याची खात्री करून घेतल्याशिवाय कोणी घास तोंडात घालत नाही. बाजारातील बिस्किटाच्या पुड्यावरील घटकांची यादीसुद्धा अनेक माता वाचून पाहतात. ही दक्षता ईमानाची खूण आहे आणि ती प्रशंसनीय आहे. परंतु त्याच घरात जेवण आटोपल्यावर तळहातावर मळलेल्या तंबाखूची चिमूट ओठाखाली जाते, सकाळी दातांवर मशेरी फिरते, प्रवासात पुडी फाडली जाते. आणि या वेळी मात्र हलाल-हरामचा प्रश्न कोणाच्या मनात उभा राहत नाही. घास तोंडात जाण्यापूर्वी जो प्रश्न विचारला जातो तो या चिमटीला का विचारला जाऊ नये?

या विषयावर आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, “कुरआनमध्ये तंबाखूचे नाव नाही, तेव्हा ती निषिद्ध कशी?” तर काही जण पुरावा न देता आवेशाने हरामचा शिक्का मारून मोकळे होतात. दोन्ही मार्ग विद्येचे नव्हेत. अमुक हलाल आणि तमुक हराम असे आपल्या जिभेने मनमानीपणे ठरवू नका, अशी सक्त ताकीद सूरह अन्-नहलमध्ये (१६:११६) दिली गेली आहे. म्हणून हा प्रश्न शांतपणे आणि क्रमाने समजून घेतला पाहिजे.

तंबाखूचे आगमन आणि हकीमांचा आक्षेप

तंबाखूची वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात अरबस्तानात ती कोणालाही ठाऊक नव्हती. चारही इमामांच्या काळातही ती ठाऊक नव्हती. सोळाव्या शतकात युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर ती जगभर पसरली. आपल्या देशात पोर्तुगीजांनी ती आणली आणि पश्चिम किनाऱ्यावरून ती दख्खनमध्ये रुजली. विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेलेला मोगल अधिकारी असद बेग याने परतताना तंबाखू सोबत नेली आणि सतराव्या शतकाच्या प्रारंभी ती बादशहा अकबरापुढे सादर केली. तेव्हा दरबारातील हकीमांनी आक्षेप घेतला. ज्या वस्तूविषयी आपल्या वैद्यकीय ग्रंथांत काहीही सांगितलेले नाही आणि जिची कसोटी घेतली गेलेली नाही, ती केवळ परकीय लोक वापरतात म्हणून स्वीकारावी काय, असा त्यांचा प्रश्न होता. अकबराने पुढे तिचा नाद धरला नाही. परंतु दरबारी मंडळींनी तो धरला. १६१७ साली बादशहा जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. उस्मानी साम्राज्यात सुलतान मुराद चौथा याने १६३३ मध्ये अतिशय कठोर बंदी घातली. या आज्ञा फार काळ टिकल्या नाहीत. राजाज्ञेने व्यसन सुटत नाही, हा धडा मात्र इतिहासात नोंदला गेला.

हकीमांचा तो प्रश्न आपण लक्षात ठेवावा. कसोटी झालेली नाही, हीच त्या काळातील खरी अडचण होती.

धर्मशास्त्र्यांचे मतभेद व त्यांचे कारण

दमास्कस शहरात तंबाखू हिजरी सन १०१५ मध्ये आली, अशी नोंद हनफी फिकहच्या ‘दुर्रे मुख्तार’ या प्रसिद्ध ग्रंथात आहे. नवी वस्तू आली तशी तिच्यावर चर्चाही सुरू झाली. इजिप्तमधील मालिकी विद्वान इब्राहीम अल्-लकानी यांनी तिला निषिद्ध ठरवले. त्याच मजहबचे अली अल्-अजहूरी यांनी ती अनुज्ञेय मानली. दमास्कसचे अब्दुल गनी अन्-नाबुलुसी यांनी तिच्या वैधतेच्या बाजूने स्वतंत्र पुस्तक लिहिले. शाफई विद्वानांपैकी अल्-कल्यूबी यांनी तिला हराम म्हटले. आपल्या देशातही लखनौचे मौलाना अब्दुल हय्य यांच्यासारख्या विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात याच एका विषयावर लेखन केले. सारांश, हा वाद आजचा नाही. तो चारशे वर्षांचा आहे.

एवढे थोर विद्वान एकमेकांशी असहमत का झाले? शरीअतच्या मूलतत्त्वांविषयी त्यांच्यात वाद नव्हता. हानिकारक वस्तू निषिद्ध, हे सर्वांनाच मान्य होते. मतभेद होता तो वस्तुस्थितीविषयी: तंबाखू खरोखर अपाय करते काय? काही वैद्य तिला कफावरील औषध म्हणत, तर काही तिला विष मानत. ज्यांना हानी सिद्ध वाटली त्यांनी मनाई केली. ज्यांना ती सिद्ध वाटली नाही त्यांनी, मुळात प्रत्येक वस्तू अनुज्ञेय असते या नियमाचा आधार घेतला. आणि ज्यांनी मधला मार्ग धरला त्यांनी दुर्गंधीमुळे तिला मकरूह ठरवले.

कोकणातील मुस्लिम समाज प्रामुख्याने शाफई मजहबचा अनुयायी आहे. कर्जत-खालापूरकडील आपल्या अनेक कुटुंबांतही हीच परंपरा आहे. म्हणून शाफई विद्वान शेख इब्राहीम अल्-बाजूरी यांचे विवेचन आपण विशेष लक्षपूर्वक पाहावे. ते १८६० मध्ये निवर्तले आणि अखेरपर्यंत काहिराच्या अल्-अजहरचे प्रमुख होते. त्यांनी धूम्रपान मूलतः मकरूह मानले. पण त्याच वेळी ते कोणत्या परिस्थितीत हराम होते हेही स्पष्ट केले. एक, जेव्हा मनुष्याला त्याच्या अपायाची खात्री असते. दुसरी, जेव्हा कुटुंबाच्या निर्वाहासाठी लागणाऱ्या पैशांतून ते विकत घेतले जाते.

हे दोन निकष नीट ध्यानात घ्यावेत. “जुन्या उलेमांनी तर केवळ मकरूह म्हटले आहे” असे सांगणारे बहुधा या मताचा पूर्वार्ध सांगतात आणि उत्तरार्ध विसरतात.

पहिला निकष : अपायाची खात्री

शेख बाजूरी यांच्या काळात जी खात्री काहींनाच होती ती आज सर्वांना आहे. १९५० साली इंग्लंड व अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध उघड केला. १९६४ मध्ये अमेरिकी शासनाच्या वैद्यकीय अहवालाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये असतात आणि त्यांतील सुमारे ७० द्रव्ये कर्करोगास कारणीभूत ठरतात. जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे तंबाखूमुळे प्राणास मुकतात. भारतात ही संख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साडेतेरा लाखांच्या जवळपास आहे. मृतांमध्ये असेही लाखो लोक आहेत ज्यांनी स्वतः कधी विडी ओढली नाही. ते केवळ दुसऱ्याच्या धुरात राहिले.

आपल्या भागातील वाचकांना हे समजण्यासाठी आकड्यांचीही आवश्यकता नाही. भिवपुरी रोड, नेरळ, कर्जत येथून जी लोकल नोकरदारांना मुंबईकडे नेते, तीच परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णांनाही नेते. १९४१ पासून हे रुग्णालय कर्करोगाच्या रुग्णांची सेवा करत आहे आणि आपल्याच रायगड जिल्ह्यात खारघर येथेही त्याचे केंद्र आहे. तोंडाच्या कर्करोगाने ग्रासलेले किती रुग्ण तेथे येतात, हे तेथे एकदा गेलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

ज्या कसोटीची मागणी अकबराच्या हकीमांनी केली होती, ती चारशे वर्षांत मनुष्यजातीच्या देहांवर पूर्ण झाली आहे. आता कुरआनची तत्त्वे लागू करण्यात कोणतीही अडचण उरत नाही. आपल्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, ही आज्ञा सूरह अल्-बकरामध्ये (२:१९५) आहे. स्वतःचा जीव घेऊ नये, ही आज्ञा सूरह अन्-निसामध्ये (४:२९) आहे. सूरह अल्-आराफमध्ये (७:१५७) प्रेषितांचे (स.) कार्य सांगताना, ते चांगल्या व शुद्ध वस्तू हलाल करतात आणि अपायकारक, घाणेरड्या वस्तू निषिद्ध ठरवतात, असे वर्णन आले आहे. स्वतःला अपाय करू नये आणि दुसऱ्यालाही करू नये, या अर्थाची हदीस इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे आणि फिकहचे अनेक नियम तिच्यावर उभे आहेत. अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसमध्ये नशा आणणाऱ्या वस्तूंसोबतच शरीर व बुद्धी सुस्त करणाऱ्या वस्तूंचीही मनाई आली आहे.

याच आधारावर आपल्या काळातील फतवे बदलले. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने १९९५ मध्ये धूम्रपान हराम ठरवले. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २००९ मध्ये लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी आणि सार्वजनिक ठिकाणी ते हराम असल्याचे जाहीर केले. उर्वरित बाबतीत तेथील सदस्य हराम आणि मकरूह अशा दोन मतांत विभागलेले राहिले. इजिप्तच्या दारुल इफ्तानेही ते निषिद्ध मानले आहे. आजही काही आदरणीय उलेमा मकरूह या मतावर आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु तंबाखू चांगली आहे किंवा निर्दोष आहे, असे म्हणणारा एकही जबाबदार विद्वान आज सापडणार नाही. आणि मकरूह याचा अर्थच मुळी अल्लाहला नापसंत असा आहे. जे आपल्या पालनकर्त्याला आवडत नाही ते दिवसातून दहा वेळा करण्यास श्रद्धावंताने ‘परवानगी’ म्हणावे काय?

दुसरा निकष : कुटुंबाचा पैसा

हा निकष अधिक हळवा आहे, कारण तो थेट चुलीपर्यंत पोहोचतो. रोज ५० रुपये पुडी, विडी किंवा सिगारेटवर खर्च करणारा मनुष्य वर्षाला १८,२५० रुपये खर्च करतो. दहा वर्षांत ही रक्कम १,८२,५०० रुपये होते. या पैशांत मुलीचे महाविद्यालयीन शिक्षण होऊ शकते, म्हाताऱ्या आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊ शकते, घराच्या छपराचे गळणे थांबू शकते. कुर्बानीच्या वेळी “यंदा जमणार नाही” म्हणणारा मनुष्य वर्षभर जमवून जमवून धुरात काय सोडत असतो, याचा हिशेब त्याने स्वतःच करावा.

उधळपट्टी करणाऱ्यांना सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:२६-२७) सैतानाचे बंधू म्हटले गेले आहे. ज्यांचे पोषण आपल्यावर अवलंबून आहे त्यांची हेळसांड करणे मनुष्याला पापी ठरवण्यास पुरेसे आहे, अशा आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. आणि तिर्मिजी यांनी नोंदवलेल्या हदीसनुसार निवाड्याच्या दिवशी माणसाला आयुष्य कशात घालवले, शरीर कशात झिजवले, धन कोठून मिळवले व कशात खर्च केले, हे विचारले जाणार आहे. तंबाखूचा हिशेब या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात द्यावा लागेल.

धूर नाही म्हणून दोष नाही?

फिकहच्या जुन्या ग्रंथांत चर्चा मुख्यतः धूम्रपानाची, हुक्क्याची व चिलमीची आहे. परंतु आपल्या महाराष्ट्राची स्थिती वेगळी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील प्रौढांपैकी केवळ ३.८ टक्के लोक धूम्रपान करतात. मात्र धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आहेत. म्हणजे आपल्याकडे रोग ओढण्यापेक्षा चघळण्याचा आणि घासण्याचा अधिक आहे. म्हणून “मी तर सिगारेट ओढत नाही” या समाधानाला येथे फारसा अर्थ नाही. चघळलेल्या तंबाखूमुळे तोंडाचा, अन्ननलिकेचा व स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. गुटख्यातील सुपारीमुळे तोंडाची आतील त्वचा ताठर होत जाते आणि पुढे तोंड उघडेनासे होते. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कर्करोगकारक असल्याचे प्रसिद्ध केले. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी आणली. ती बंदी टपरीच्या मागील दाराने चुकवणारा ग्राहक कायदा तर मोडतोच, पण स्वतःच्या देहाशीही बेइमानी करतो.

मशेरीविषयी स्वतंत्रपणे बोलणे आवश्यक आहे, कारण ती आपल्या आया-बहिणींच्या हातात आहे आणि तिला कोणी व्यसन म्हणत नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू दातांवर घासणे म्हणजे दात स्वच्छ करणे, अशी समजूत कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वस्तुतः भाजल्याने तंबाखूतील निकोटिन नाहीसे होत नाही. हिरड्यांतून ते सरळ रक्तात उतरते. म्हणूनच सकाळी मशेरी मिळाली नाही तर डोके दुखते आणि पोट साफ होत नाही. ही औषधाची लक्षणे नव्हेत, ही परावलंबनाची लक्षणे आहेत. गरोदरपणी तंबाखूचे सेवन केल्याने बाळाचे वजन कमी भरते, ते वेळेपूर्वी जन्मू शकते किंवा मृतावस्थेत जन्मू शकते. आईच्या हिरडीवरील चिमटीचा भार जो अजून जन्मलाही नाही त्याने वाहावा, हा केवढा अन्याय!

प्रेषितांनी (स.) दातांसाठी आपल्याला मिस्वाक दिला. त्याने तोंड स्वच्छ होते आणि पालनकर्ता प्रसन्न होतो, असे त्यांनी शिकवले. उम्मतला कष्ट पडतील ही काळजी नसती तर प्रत्येक नमाजच्या वेळी मिस्वाक करण्याची आपण आज्ञा दिली असती, असेही त्यांनी सांगितले. या सुन्नतच्या जागी मशेरी येऊन बसली आहे. तिला उठवून मिस्वाक पुन्हा त्या जागी ठेवणे, हे प्रत्येक घरात आजच करता येण्यासारखे काम आहे. रमजानमध्ये तर अधिक सावध राहावे. “मशेरी खाल्ली जात नाही, मग रोजा कसा मोडेल?” असे विचारले जाते. तिचा कण घशाखाली उतरला की रोजा मोडतो, आणि तो उतरणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही.

काही नेहमीचे युक्तिवाद

“आमचे आजोबा नव्वद वर्षे जगले आणि रोज तंबाखू खात.” अल्लाहने एखाद्याला वाचवले हा त्याचा अनुग्रह, तो आपल्यासाठी पुरावा होत नाही. पुरात एक मनुष्य पोहून वाचला म्हणून पावसाळ्यात उल्हास नदीत मुलांना कोणी उतरवत नाही.

“त्याने दाढदुखी थांबते, काम करताना तरतरी येते.” मद्य व जुगार यांच्यातही माणसांसाठी काही लाभ आहेत, पण त्यांचे पाप लाभापेक्षा मोठे आहे, हे तत्त्व सूरह अल्-बकराने (२:२१९) घालून दिले आहे. लाभ आणि हानी तराजूत घालून पाहण्याचा हा नियम येथेही लागू आहे.

“हा माझा वैयक्तिक प्रश्न आहे.” कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीजवळ येऊ नये, अशी शिकवण बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आहे, कारण त्या वासाने शेजारी उभ्या असलेल्या नमाजींना आणि फरिश्त्यांना त्रास होतो. कांदा-लसूण तर हलाल अन्न आहे. मग विडीचा वास घेऊन सफमध्ये उभे राहणे, बंद खोलीत मुलांसमोर धूर सोडणे आणि रस्त्यावर पिंक टाकणे यांचा निर्णय आपणच करावा.

दुकानदार बंधूंसाठी

आपल्या समाजातील अनेकांचे किराणा दुकान किंवा पानाची टपरी हे उपजीविकेचे साधन आहे. त्यांची अडचण खरी आहे. तरीही अल्लाह एखादी वस्तू निषिद्ध करतो तेव्हा तिची किंमतही निषिद्ध करतो, हे हदीसचे तत्त्व त्यांनी विसरू नये. जे विद्वान तंबाखूला केवळ मकरूह मानतात तेसुद्धा तिचा व्यापार पसंत करत नाहीत. ज्यांना हा माल एकदम काढता येत नाही त्यांनी निदान नवा माल भरणे कमी करावे आणि त्या फळीवर दुसऱ्या उपयोगी वस्तू आणाव्यात. मात्र एका बाबतीत सवलतीला जागाच नाही: १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. दुसऱ्याच्या मुलाच्या हातात पुडी देणाऱ्याने आपले मूल डोळ्यांसमोर आणावे. लग्नाच्या मांडवात पाहुण्यांपुढे जर्दा व सिगारेटचे तबक फिरवणाऱ्या यजमानांनाही हेच सांगणे आहे. पाहुणचार ही सुन्नत आहे. विषाचा पाहुणचार नव्हे.

सुटण्याचा मार्ग

व्यसनात अडकलेल्या बंधू-भगिनींचा तिरस्कार करू नये. निकोटिनची पकड शरीरावर असते आणि ती सोडवण्यासाठी निश्चयाबरोबर साहाय्यही लागते. मद्यबंदी उतरली तेव्हा तिची तयारी आधी टप्प्याटप्प्याने झाली होती: प्रथम हानी समजावली गेली, नंतर नमाजच्या वेळा नशेपासून मुक्त केल्या गेल्या आणि शेवटी पूर्ण मनाई आली. त्या दिवशी मदीनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहिले, कारण मने आधीच तयार होती. घरातील मोठ्यांनीही आपल्या मुलांशी याच हिकमतीने वागावे. रागावण्यापूर्वी समजवावे आणि समजवण्यापूर्वी स्वतःची पुडी टाकावी.

रमजान ही या कामासाठी अल्लाहने दिलेली सर्वोत्तम संधी आहे. जो मनुष्य पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, तेरा-चौदा तास, तंबाखूशिवाय राहतो, त्याने “मला सोडता येत नाही” असे म्हणणे स्वतःच्या रोज्याला नाकारणे आहे. प्रश्न उरतो तो इफ्तारनंतरच्या काही तासांचा. तंबाखू सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड, डोकेदुखी, अस्वस्थता होते. दोन ते चार आठवड्यांत ही लक्षणे ओसरतात. म्हणजे रमजानच्या एका महिन्यात शरीराची ओढ बहुतांशी मावळू शकते. तलफ आली की पाणी प्यावे, वुजू करावा, तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवावी, मिस्वाक करावा. टपरीवरील सोबत काही काळ टाळावी, कारण भट्टीजवळ बसणाऱ्याला धूर लागतोच, हा दृष्टान्त प्रेषितांनीच (स.) सोबतीविषयी दिला आहे. गरज भासल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आजारावर उपचार करणे हीसुद्धा सुन्नत आहे. शासनाच्या १८००-११२-३५६ या विनामूल्य दूरध्वनीवर तंबाखू सोडण्यासाठी मार्गदर्शन मिळते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड उघडताना ताण जाणवल्यास एक दिवसही न दवडता तपासणी करून घ्यावी.

सोडून पुन्हा अडकलेल्या व्यक्तीने निराश होऊ नये. तौबाचे दार एकदाच उघडून बंद होणारे नाही. धूम्रपान सोडल्यानंतर एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्म्यावर येतो. जो पालनकर्ता शरीराला इतक्या लवकर सावरण्याची शक्ती देतो, तो पश्चात्ताप करणाऱ्या मनाला कसा विन्मुख पाठवील?

शेख बाजूरी यांचे दोन निकष आज प्रत्येकाने स्वतःपुढे ठेवावेत. मला अपायाची खात्री आहे काय? हा पैसा माझ्या मुलाबाळांच्या हक्काचा आहे काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्याला ठाऊक आहेत. मुफ्तींकडे जाण्यापूर्वीच आपले अंतःकरण निर्णय देऊन मोकळे झालेले असते.

हे अल्लाह! आमच्या देहांची अमानत सांभाळण्याचे आम्हाला सामर्थ्य दे, आमच्या घरांना प्रत्येक व्यसनापासून मुक्त कर आणि आमच्या मुलांना आमच्या हातून अपाय होऊ देऊ नकोस. आमीन.